ताट, उलथनं आणि पेडर रोड

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी पहाटे तीन वाजता आमच्या स्वयंपाकघरात दिवा लागला होता. बायको ओट्याला टेकून केळं खात होती आणि मधूनमधून छातीवरचा नंबर काढून पुन्हा टाचत होती. चार सेफ्टी पिना, त्यातली एक दरवेळी वाकडी. मुंबई मॅरेथॉनचा दिवस. तिचं वय सत्तेचाळीस आणि ही पहिलीच फुल मॅरेथॉन, म्हणजे बेचाळीस किलोमीटर.

"तू पेडर रोडला उभा राहा," ती म्हणाली. "येताना पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तो चढ लागतो. तिथे आपलं कुणीतरी लागतं. आणि एक लक्षात ठेव, 'थोडंच राहिलंय' म्हणायचं नाही."

"का?"

"नाही म्हणायचं, एवढंच."

ती सीएसएमटीला गेली. मी पुन्हा आडवा झालो, पण झोप येईना. शेवटी एक स्टीलचं ताट आणि उलथनं पिशवीत टाकून मीही निघालो. दादरहून ग्रँट रोड, तिथून नाना चौक, केम्प्स कॉर्नर करत चालत. उजाडायला वेळ होता. डब्यात समोर बसलेल्या एका आजोबांनी पिशवीतून डोकावणारं उलथनं पाहिलं आणि विचारलं, "केटरिंग का?" मी हो म्हणालो. पहाटे पाच-साडेपाचला खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

एरवी टॅक्सीत बसून पेडर रोडने जाताना तिथे चढ आहे हे जाणवतही नाही. त्या वर्षी फुल मॅरेथॉनवाल्यांना मात्र तो दोनदा लागत होता. जाताना अंधारात, पाय ताजे असताना. पुढे हाजी अली, वरळी, सी लिंक, वांद्रे, माहीम, प्रभादेवी असं सगळं उरकून परत येताना तोच चढ पुन्हा समोर उभा. तोवर अंगात साठवलेली साखर संपत आलेली असते आणि ऊन चढलेलं असतं. धावणारे याला 'भिंत' म्हणतात. बायको सहा महिने जेवणाच्या टेबलावर या भिंतीबद्दल बोलत होती. मला वाटायचं, अतिशयोक्ती आहे.

लता मंगेशकर राहायच्या त्या 'प्रभुकुंज'च्या अलीकडे मी जागा धरली. शेजारी एक गुजराती आजी घडीची खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर परात, परातीत सोललेली संत्री, आणि प्रत्येक फोडीवर चिमूटभर मीठ. त्यांच्या इमारतीतले लोक म्हणे दरवर्षी उभे राहतात. ही शर्यत २००४ पासून आहे, म्हणजे आजींचा अनुभव दांडगा. त्यांनी माझ्या ताटाकडे एकदा पाहिलं आणि मान डोलावली. प्रवेश मिळाला.

आणि मग माझी पंचाईत झाली. ओरडायचं काय?

या कामाला आपल्याकडे धड शब्दच नाही. 'प्रोत्साहन' हा सरकारी परिपत्रकातला शब्द, तो ओरडता येत नाही. 'उत्तेजनार्थ' तर त्याहून वाईट. शाळेच्या चित्रकला स्पर्धेत मला दोनदा उत्तेजनार्थ मिळालंय, त्यानंतर मी चित्र काढणंच सोडलं. राहता राहिलं 'शाब्बास'. पण स्वतःपेक्षा वयाने मोठ्या, घामाने निथळणाऱ्या अनोळखी माणसाला शाब्बास म्हणणारा मी कोण? पहिली दहा मिनिटं मी नुसतंच ताट वाजवलं.

माझं आजोळ सासवडचं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढून वर यायची तेव्हा आजी आम्हां पोरांना केळ्यांची टोपली देऊन रस्त्याकडेला उभं करायची. तिथे काय म्हणायचं हा प्रश्नच नव्हता. समोर येईल तो माउली. म्हातारा असो, पोरगं असो, बंदोबस्ताचा हवालदार असो. "घ्या माउली." एका शब्दात अनोळखीपणा मिटायचा. पेडर रोडवर मी तो शब्द एकदा वापरून पाहिला. पंजाबी दिसणाऱ्या एका उंच तरुणाने वळून मागे पाहिलं. त्याला वाटलं, मी दुसऱ्या कुणाला बोलावतोय.

इथे उपाय वेगळा असतो, तो शेजारच्या पोरांनी शिकवला. छातीवरच्या नंबराखाली नाव छापलेलं असतं. ते वाचायचं आणि ओरडायचं. "कमॉन प्रकाश!" म्हटलं की खाली मान घालून चालणारा प्रकाश दचकून मान वर करतो आणि पाच-पन्नास पावलं तरी पळतो. जादूच ती. अडचण एवढीच की माझा चष्मा लांबचं नीट दाखवत नाही, त्यामुळे मी दोन सुरेशांना सुरेखा केलं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. सर्वांत हमखास निघालं ते मात्र "गणपती बाप्पा". ज्याला श्वास पुरत नाही, ज्याचे डोळे अर्धे मिटलेत, तोसुद्धा "मोरया" म्हणतोच. ते मेंदूपर्यंत जात नसावं.

बंदोबस्तावरच्या महिला पोलीस आधी गप्प होत्या. आठच्या सुमारास त्यांनाही राहवलं नाही. "चला, चला, पटापट चला, थांबू नका इथे!" आवाज तोच, एरवी गाड्या हाकतात तो. आणि लोक खरोखर थांबेनात.

नऊच्या आसपास एकदम कुजबुज झाली. आधी गाड्या, मग मोटारसायकली, आणि मग ते आले, शर्यत जिंकायला धावणारे. हौशी मंडळी पहाटे पाचला सुटतात, हे सात वाजून गेल्यावर. तरी चढावर गाठतात. मुंबईचा विक्रम इथिओपियाच्या हायले लेमीचा आहे, २०२३ मधला, २ तास ७ मिनिटं ३२ सेकंद. हिशोब केला तर शंभर मीटर अठरा सेकंदांत, आणि असे शंभर मीटर चारशे बावीस वेळा. मी उलथनं उचललं, आणि ते ताटावर पडेपर्यंत पहिले तिघे निघून गेले होते. पावलांचा आवाज जवळजवळ नाहीच. आजी परात पुढे करून तशाच राहिल्या. "ए लोग कभी नहीं लेते," त्या म्हणाल्या, थोड्या नाराजीनेच.

खरी गर्दी मागून आली. पोटरीत गोळा येऊन डिव्हायडरला धरून उभे राहिलेले, स्प्रेसाठी पाय पुढे करणारे, घामातल्या मिठाच्या पांढऱ्या रेघा टी-शर्टवर वागवणारे. एक अंध धावक आणि त्याचा जोडीदार, दोघांच्या मनगटांना जोडणारी हातभर दोरी. जोडीदार सलग बोलत होता, अगदी हळू: "बाटली आहे पायाजवळ... आता डावीकडे... चढ संपत आला." मी ताट थांबवलं. त्याला ते बोलणं ऐकू यायला हवं होतं.

आणि मग माझ्याकडून ते झालंच. साठीचे एक गृहस्थ अगदी माझ्यासमोर थांबले, गुडघ्यांवर हात टेकून. आजींनी संत्र्याची फोड दिली. मी म्हणालो, "चला काका, थोडंच राहिलंय!"

त्यांनी मान वर केली. "किती?"

"सात किलोमीटर."

"सात," ते म्हणाले. फोड चावून संपवली. "सात म्हणजे थोडं?"

त्यांच्या वेगाने ते तासाभराहून जास्त होतं. तेवढ्यात स्लो लोकल दादरहून कल्याणला पोचते. मी काहीच बोललो नाही. ते बिया हातात घेऊन चालू लागले.

बायको येईपर्यंत पावणेदहा वाजले. ॲपवर तिचा ठिपका हाजी अलीला बराच वेळ अडकला होता आणि माझ्या पोटात गोळा. तिच्यासाठी मी एक वाक्य तयार ठेवलं होतं. सहा महिने पहाटे चारचा गजर, शिवाजी पार्कच्या फेऱ्या, पावसातले बूट गॅलरीत वाळत घातलेले, असं सगळं त्यात होतं. वाक्य जरा लांबच होतं.

ती दिसली. चेहरा ओळखीचा, पण भाव मी कधी न पाहिलेला. बँकेच्या लायनीत आपला नंबर येईपर्यंत माणसं बसतात तसा, कुणाकडेही न पाहणारा. मी ताट बडवलं, नाव घेऊन ओरडलो. तिने न थांबता हात पुढे केला. मला वाटलं टाळी द्यायची आहे. मी हात पुढे केला. तिने माझ्या तळव्यावर एनर्जी जेलचं रिकामं, चिकट पाकीट ठेवलं.

"हे धर," म्हणाली आणि पुढे गेली.

संध्याकाळी ती गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसली होती. गळ्यात मेडल. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. जिना चढताना काही झालं नाही, पण दुपारी खालच्या मजल्यावर पेढे द्यायला गेली ती कठडा धरून उलटी उतरली. तरी बोलायचा उत्साह भरपूर. माहीमला बँजो पार्टी होती. प्रभादेवीला एका चिमुरडीने 'इथे दाबा, पॉवर मिळेल' असं लिहिलेला पुठ्ठा धरला होता, तो तिने दोनदा दाबला. पेडर रोडला एक आजी मीठ लावलेली संत्री देत होत्या, त्या फोडीने म्हणे जीव वाचवला.

"त्यांच्या शेजारी कुणीतरी वेडा ताट बडवत होता," ती म्हणाली. मग जरा थांबली. "तू कुठे उभा होतास रे? मी शोधत होते."

मी उठलो, खुंटीवरच्या पँटच्या खिशातून ते पाकीट काढलं आणि टबाशेजारी स्टुलावर ठेवलं.