गेट पडलं काय?

आमच्या घरात रेल्वेचं खातं माझ्याकडे आहे. नेमणूक कुणी केली नाही. माझा फोन त्यातल्या त्यात बरा होता आणि कॉलेज संपून मी घरी बसलो होतो, एवढीच पात्रता. धारवाडची आत्या, खानापूरचे मामा, मिरजेची बहीण, पुण्यातला चुलतभाऊ, सगळ्यांचे पीएनआर माझ्या फोनात. ‘वेटिंग कुठवर आलं बघ की जरा,’ असा फोन आला की समजायचं, चार्ट लागायची वेळ झाली. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. त्यामुळे गणपतीच्या तिकिटाला नेमकं कधी बसायचं, तेही मीच मोजायचं.

घर बेळगावात टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, रुळांकडे पाठ करून उभं. न्हाणीच्या खिडकीतून डब्यात बसलेल्याचा चष्मासुद्धा दिसतो. जनरलचं तिकीट फोनवर काढायचं यूटीएस ॲप आलं तेव्हा मी हौसेने खुर्चीत बसून खानापूरचं तिकीट काढायला गेलो. ॲप म्हणालं, नाही. तुम्ही रुळांच्या फार जवळ आहात. टीसी दिसल्यावर डब्यात बसूनच तिकीट काढणारे हुशार लोक असतात, त्यांच्यासाठी केलेला तो बंदोबस्त. माणूस गाडीत आहे की आपल्याच घरात चहा पितोय, ते जीपीएसला कसं कळावं? शेवटी चपला घातल्या, गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकानापर्यंत गेलो, तिथे तिकीट निघालं. दुकानदाराने विचारलं, काय पाहिजे? म्हटलं, काही नको, रेल्वेपासून लांब आलोय, तिकीट काढायला.

गावाच्या नावावरून इथे किती रामायणं झाली ते सांगायला नको. १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री बेळगावी, आमच्या घरात बेळगाव. पण रेल्वेचा कोड अजून बीजीएमच, जुन्या इंग्रजी स्पेलिंगमधून उरलेली तीन अक्षरं. आत्या एक नाव घेते, तिची धारवाडची शेजारीण दुसरं, आणि दोघी उतरतात बीजीएमलाच. (बंगळूरचंही तसंच, एसबीसी. शहराचं नाव पालटलं तरी कोडातली ‘बी’ आणि ‘सी’ जुन्या बँगलोर सिटीचीच.)

गाड्या दाखवणारी ॲपं मात्र मी सबुरीने वापरतो. एक रेल्वेचं स्वतःचं एनटीईएस. पूर्वी गाडी कधी आली, कधी सुटली, ते स्टेशनातून कंट्रोलला कळवायचे. आता बऱ्याच इंजिनांवर इस्रोच्या मदतीने बसवलेली यंत्रं आहेत, ती जागा आपली आपण कळवतात. दुसरं ‘व्हेअर इज माय ट्रेन’. ते गाडीत बसलेल्याला मोबाइलच्या टॉवरवरून ठिकाण सांगतं, नेट नसलं तरी, जीपीएस नसलं तरी. कॅसलरॉकच्या पुढे घाटात टॉवरच दिसेनासे होतात. गोव्याला निघालेला आमचा चुलतभाऊ तिथे एकदा गायब झाला तो थेट कुळेला उगवला. तेवढ्या वेळात काकूंनी दोन नवस बोलून ठेवले.

खरा घोटाळा ॲपने केलाच नाही, आम्हीच केला. आत्या धारवाडहून राणी चन्नम्माने यायची होती. ती गाडी रात्री बंगळूरहून सुटते आणि सकाळी धारवाड, लोंढा, खानापूर करत इथे येते. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिरजेच्या मेव्हण्यांनी स्क्रीनशॉट टाकला, गाडी दोन तास लेट. काकांनी अंगठा दाखवला आणि आंघोळीला गेले. गाडी वेळेवर आली. स्क्रीनशॉट आदल्या दिवसाचा होता, मेव्हण्यांना दुसऱ्याच कुणीतरी पाठवलेला. आत्या पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन स्टेशनबाहेर तासभर बसली. घरी आल्यावर ती काकांशी बोलली नाही, पेढा मात्र त्यांना स्वतःच्या हाताने दिला, अर्धाच.

त्या दिवसापासून ग्रुपवर स्क्रीनशॉट बंद. गाडीबद्दल लिहायचं ते मी, तेही दोन शब्दांत: ‘गुंजी सोडलं.’ ‘खानापूर सोडलं.’

आईला हे दोन शब्दही नकोत. तिचं खातं वेगळं. स्टेशनातून गेटमनच्या खोलीत फोन वाजतो, तो नंबर लिहून घेतो, मग घंटा होते आणि गेट पडतं. लोंढ्याकडची गाडी आधी आमच्या गेटवरून जाते, मग स्टेशनात. लाइन एकेरी होती तेव्हा गाडी बेळगावच्या अलीकडच्या स्टेशनात, देसूरला, क्रॉसिंगला किती वेळ अडकेल याचा भरवसा नसायचा. तेव्हापासून तिचा विश्वास फक्त गेटावर. चहाचं आधण ती गेट पडल्यावरच ठेवते. स्टेशनावरून रिक्षाने घरी यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात चहा होतो.

परवा आत्या पुन्हा यायची होती. मी शर्ट चढवला, फोन बघितला आणि ग्रुपवर लिहिलं, ‘देसूर सोडलं.’ स्कूटरची किल्ली शोधत होतो तेवढ्यात आत्याचाच मेसेज आला, ‘नाही रे. देसूरचा बोर्ड माझ्या खिडकीसमोर हाय. एक माणूस उतरून तोंड धुऊलालाय.’

मी स्वयंपाकघरात गेलो. ‘आई, गाडी येऊलालीय बहुतेक.’

‘गेट पडलं काय?’

न्हाणीच्या खिडकीतून बघितलं. गेट उघडंच. दोन म्हशी आणि शाळेची एक रिक्षा निवांत रूळ ओलांडत होत्या.

‘नाही.’

‘मग बस की जाग्यावर,’ आई म्हणाली, आणि लसूण सोलायला लागली.