प्रागहून काय आणायचं?

किल्ला, चार्ल्स पूल, घड्याळाचा मनोरा सगळं व्यवस्थित पाहून झालं. फोटो ढीगभर आहेत, त्याबद्दल इथे लिहीत बसत नाही. मला लिहायचंय ते खरेदीबद्दल, कारण कार्लोवा गल्लीत जो संताप झाला तो घरी आल्यावरही उतरलेला नाही.

जुन्या चौकाकडून पुलाकडे जाणारी ही अरुंद, वळणावळणाची गल्ली. गर्दी इतकी की आपण चालत नाही, ढकलले जातो. आणि दुकानांत काय? एकीच्या पोटात दुसरी अशा रशियन बाहुल्या, लाल तारा लावलेल्या केसाळ टोप्या, बाल्टिक किनाऱ्यावरचा अंबर, म्हणजे दगड झालेली जुनी राळ. कोपऱ्याकोपऱ्यावर 'जुनी बोहेमियन मिठाई' अशी पाटी लावून दांड्याला कणीक गुंडाळून निखाऱ्यावर फिरवलेला त्रदेल्निक. खायला खमंग लागतो, नाही म्हणत नाही. पण युरोपियन युनियनने 2007 साली ज्या त्रदेल्निकला संरक्षण दिलं तो शेजारच्या स्लोव्हाकियातल्या स्कालित्साचा. प्रागची परंपरा म्हणून तो पाहुण्यांच्या गळ्यात का मारायचा?

एका दुकानात माझ्यासोबतच्या मावशीला बोराएवढ्या लाल खड्याचं पेंडंट 'अस्सल चेक गार्नेट' म्हणून दाखवलं. चेक गार्नेट म्हणजे पायरोप नावाचा गडद लाल खडा, आणि तो मुळात बारीकच सापडतो. म्हणून तर तिथले जुने दागिने डाळिंब सोलल्यासारखे दिसतात, दाण्याला दाणा लागून. तुर्नोव्ह गावात 1953 पासून कारागिरांची सहकारी संस्था हे दागिने घडवते आणि सोबत प्रमाणपत्र देते. मी प्रमाणपत्र मागितलं तर दुकानदाराने खोक्यावरचा स्टिकर दाखवला. आम्ही बाहेर पडलो.

तोवर माझी कसोटी सोपी होती. जी वस्तू तिथली माणसं स्वतःच्या घरात वापरतात ती अस्सल, पाहुण्यांसाठी बनवलेली ती नकली. याब्लोनेत्सला गेलो आणि ही कसोटी तिथेच निकालात निघाली.

याब्लोनेत्स हे उत्तर बोहेमियातलं, म्हणजे चेक देशाच्या उत्तरेकडचं गाव, काचमणी आणि खोट्या दागिन्यांसाठी नावाजलेलं. प्रागच्या पिवळ्या मेट्रोने शेवटच्या चेर्नी मोस्तला जायचं आणि तिथून बस. गावात काच आणि दागिन्यांचं संग्रहालय आहे. मावशी गुडघे धरत माझ्यामागून येत होती, आणि एका कपाटापाशी तिचा आवाज आला, "अगं, इकडे ये! या आपल्या बांगड्या इथे कशा?"

खरंच बांगड्या होत्या. काचेच्या, रांगेने मांडलेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या डोंगराळ भागातल्या खेड्यांत घरोघरी काच वितळवून बांगड्या वळल्या जायच्या आणि जहाजाने हिंदुस्थानात यायच्या. इथल्या कुणी त्या कधी हातात घातल्या नाहीत. सगळा माल आपल्यासाठी, आपल्या मनगटांच्या मापाचा, आपल्याला आवडणाऱ्या रंगांचा. स्वदेशीच्या चळवळीत विलायती बांगड्यांवर बहिष्कार घाला असं सांगितलं गेलं, त्या बांगड्यांत या गावांचा माल किती असेल! आणि पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर, हा मुलूख तेव्हा ज्यात होता ते ऑस्ट्रिया-हंगेरी ब्रिटिशांचं शत्रुराष्ट्र ठरलं, तेव्हा इथल्या चुलींचं काय झालं असेल?

दालनात बसलेल्या बाई उठून आल्या. वयाने मावशीच्याच बरोबरीच्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, मावशीलाही बेताचंच. त्यांनी मावशीच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे बोट केलं, मग कपाटाकडे. मावशीने हात पुढे केला. बाईंनी एक बांगडी दोन बोटांत धरून हलकेच फिरवली, सांधा शोधला, तिथे नखाने टिचकी मारून आवाज ऐकला. मग मान डोलावली. कामाचं माहीत असलेलं माणूस जसं पाहतं तसं पाहिलं त्यांनी. प्रागच्या गर्दीने जो शीण आणला होता तो तेवढ्यात गेला माझा.

परक्यांसाठी बनवलं म्हणून ते खोटं ठरत नाही, हे मला तिथे पटलं. त्या बांगड्या पहिल्यापासून परक्यांसाठीच होत्या, पण ज्या हातांनी केल्या त्यांना काच कळत होती. कार्लोवा गल्लीतल्या दुकानदाराला त्याच्या मालातलं काय कळत होतं?

दुसऱ्या दिवशी क्रकोनोशे डोंगरांच्या पायथ्याशी पोनिक्लाला गेलो. फुगवलेल्या काचमण्यांपासून नाताळच्या झाडाचे दागिने करण्याची तिथली कला 2020 साली युनेस्कोच्या यादीत गेली. काचेची नळी ज्योतीवर मऊ करायची, पितळी साच्यात धरायची, फुंकायची, की मण्यांची एक सलग माळच बाहेर येते. आतून चांदीचा मुलामा, वरून रंग, मग एकेक मणी कापून तारेत ओवायचा. ओवणाऱ्या बाईंची बोटं इतकी सराईत की त्या मान वर करून माझ्याशी हसत होत्या आणि हाताखाली चांदणी पुरी होत होती.

तिथूनच घेतल्या चांदण्या. हलक्या, स्वस्त, आणि चेक लोक स्वतःच्या झाडालाही लावतात त्याच. मावशीने लाल आणि सोनेरी निवडल्या, म्हणाली दिवाळीत आकाशकंदिलाला लावीन. ठेचलेल्या भाकरीच्या चुऱ्यासकट तिचा स्टीलचा डबा रिकामा केला, रुमालात गुंडाळून चांदण्या त्यात भरल्या आणि डबा हातसामानात घेतला. सुरक्षा तपासणीत उघडायला लावला, पण एकही मणी फुटला नाही. मोठ्या बॅगेत मात्र काच टाकू नका, ती बॅग विमानतळावर कशी आपटतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.