सॅमनसाठीचं सरकारी अनुदान: माझा अनुभव

अमेरिकेत सिएटलच्या उत्तरेला, स्नोहोमिश नदीच्या खोऱ्यात काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी नोकरी करते. सॅमन माशांसाठी एक ओढा दुरुस्त करायचा होता, त्याचा सरकारी निधी मिळवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. इकडे पर्यावरणाच्या क्षेत्रात असलेल्या मराठी मंडळींना उपयोग होईल म्हणून लिहितेय.

1999 साली इथल्या प्युजेट साउंड या खाडीतला चिनूक जातीचा सॅमन अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या संकटग्रस्त यादीत गेला. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्याने सॅमन रिकव्हरी फंडिंग बोर्ड स्थापन केलं. राज्याचा आणि केंद्राचा पैसा या बोर्डाकडून खाली येतो. पण अर्ज घेऊन थेट राजधानी ऑलिंपियाला जाता येत नाही. आधी आपल्या खोऱ्याच्या स्थानिक समितीच्या यादीत वरचा क्रमांक लागावा लागतो. त्या समितीत शेतकरी असतात, काउंटीची, म्हणजे जिल्हा प्रशासनाची, माणसं असतात आणि आदिवासी जमातींचे जीवशास्त्रज्ञ असतात. अमेरिकी सरकारशी झालेल्या 1855 च्या करारातला जमातींचा मासेमारीचा हक्क 1974 मध्ये न्यायाधीश बोल्ट यांच्या निकालाने उचलून धरला, तेव्हापासून माशांच्या व्यवस्थापनात या जमाती राज्याच्या बरोबरीने बसतात. आमच्या भागातल्या तुलालिप जमातीच्या लोकांशी मी सुरुवातीलाच बोलले, आणि ओढ्याची निम्मी माहिती तिथेच मिळाली.

आमचा ओढा म्हणजे कुरणातून सरळ काढलेला चर. कोहो या सॅमनच्या दुसऱ्या जातीची पिल्लं समुद्रात जाण्याआधी साधारण वर्षभर गोड्या पाण्यात काढतात. त्यांना संथ, गार, आडोशाचं पाणी लागतं. सरळ चरात हिवाळ्याचा पूर आला की ती वाहून जातात. आडोसा मिळतो पाण्यात पडलेल्या झाडांमुळे. म्हणून मुळांसकट ओंडके पात्रात रोवायचे, असा आमचा आराखडा होता.

जमीनमालक म्हातारे, दुधाचा धंदा केलेले. ते म्हणाले, “माझ्या वडिलांना सरकारी माणसांनीच सांगितलं होतं, लाकडं काढा, मासे अडतात. आता तुम्ही टाका म्हणता. उद्या पुन्हा काढायला कोण येणार?” यात खोटं काही नव्हतं. विसाव्या शतकात खात्यांनी खरोखरच ओढे साफ करवून घेतले होते. शिवाय काम झाल्यावर किमान 10 वर्षं ते मोडणार नाही, अशी लेखी हमी मालकाला द्यावी लागते. ती सही मिळेपर्यंत मी त्यांच्या गोठ्याकडे बरेच खेटे घातले. ओंडके सुटून त्यांच्या छोट्या पुलाला अडकणार नाहीत, हे अभियंत्याने आकडेमोड दाखवून पटवलं तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

वसंतात राज्याचं तांत्रिक परीक्षक मंडळ पाहणीला आलं. उंटावरून शेळ्या हाकणारे असतील अशी माझी समजूत होती. त्यातल्या एक बाई कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवून सरळ पाण्यात उतरल्या, काठी खुपसून गाळ पाहिला आणि विचारलं, “उन्हाळ्यात इथलं पाणी किती तापतं?” आमच्याकडे नोंदी नव्हत्या. त्यांनी शेरा मारला: अधिक माहिती हवी. मग तापमापक बसवले, दोन्ही काठांना देवदार आणि विलोची लागवड आराखड्यात घातली. माझ्या मते त्या एका शेऱ्याने प्रकल्प सुधारला. सप्टेंबरमध्ये बोर्डाने मंजुरी दिली.

खरी कसोटी त्यानंतर लागली. एक तर 15 टक्के वाटा आपला; त्यात स्वयंसेवकांचे कष्ट आणि दान मिळालेलं सामान धरता येतं, हे बरं. पण उरलेला पैसाही हातात येत नाही. आपल्याकडे ठिबकचं अनुदान घेतलेल्यांना ही पद्धत पाठ असेल: आधी पदरचे घाला, पावत्या जोडा, मग खात्यात जमा होतील. ठेकेदार मात्र थांबत नाही. आम्ही बँकेकडून उचल घेतली, व्याज आम्हीच सोसलं. मोठ्या संस्थांना हे जड जात नाही, आमच्यासारख्यांचा जीव जातो. हा नियम बदलायला हवा, असं मी बैठकीतही बोलले आहे.

परवाने वेगळेच. पात्रात काम करायला राज्याच्या मत्स्य खात्याचा परवाना, लष्कराच्या अभियंता विभागाचा परवाना, आणि खोदण्याआधी पुरातत्त्व तपासणी. हे सगळं जुलैच्या आत हवं, कारण यंत्रं पाण्यात उतरवायची मुभा फक्त उन्हाळ्यात. शरदात सॅमन अंडी घालायला परततात. एक कागद अडला की वर्ष गेलं. आमचा शेवटचा परवाना ठेकेदार यंत्रं घेऊन येण्याच्या आदल्या आठवड्यात हातात पडला.

अंतिम अहवालात किती लांबीचा ओढा सुधारला, किती जागी ओंडके रोवले, किती एकर लागवड झाली एवढंच भरायचं होतं. कोहोचं जीवनचक्र साधारण तीन वर्षांचं, त्यामुळे मासे वाढले का हे अहवालातून कळणं शक्यच नाही. मोजणीला निधी वेगळा, त्याचा अर्जही वेगळा. तो मी अजून उघडलेला नाही. आधी बँकेची उचल फिटू दे.