एकाच वेळी दोन ऑफ तास

आमच्या शाळेचं वेळापत्रक गेली नऊ वर्षं मीच बसवतो. गणित दुपारच्या सुट्टीआधी हवं, पीटीचा तास उन्हात नको, चित्रकलेचे सर दोन शाळांत अर्धे-अर्धे म्हणून फक्त सोम-बुध-शुक्र. हे सगळं एका फुलस्केपवर बसवणाऱ्या माणसाला दोन पोरांची दुपारची झोप ती काय जड, असं मला वाटलं होतं.

साडूभाऊ कल्याणला असतात. त्यांची मुलं आठ आणि अकरा वर्षांची, खोपोलीजवळच्या इमॅजिका या राइड्सच्या पार्कचं नाव काढलं की उड्या मारणारी. दिवाळीआधी त्यांचा फोन आला, सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात या, गाडी आहेच, एक दिवस सगळे मिळून खोपोलीला जाऊ. आमची चिऊ तेव्हा पावणेतीन वर्षांची आणि बाबू सव्वा वर्षाचा. बायकोने फोन ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "आणि दुपारी झोपणार कुठे हे दोघं?"

मी म्हटलं, ते माझ्याकडे लागलं.

शाळेतल्या एका जुन्या हजेरीच्या कोऱ्या पानांवर पंधरा दिवस दोघांच्या झोपेची नोंद ठेवली. चिऊचं सोपं होतं. दुपारी दीड ते तीन, एकच झोप, आठवड्यातून एखाद्या दिवशी दांडी. बाबूच्या मात्र दोन, सकाळी दहाला आणि तिसऱ्या प्रहरी तीनला. म्हणजे बाबू झोपला की चिऊ जागी, आणि चिऊ झोपली की बाबू टकटकीत. घरी याचं काही वाटत नाही, एक माणूस एकाजवळ बसतो. पण तिकीट काढून आत गेल्यावर दहा ते साडेचारमध्ये तीनदा कुणी ना कुणी झोपलेलं असणार, हे आकडे पाहून माझ्या पोटात गोळा आला.

बाबूच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान बहुतेक मुलं दोन झोपांवरून एकीवर येतात, तुमचा येईलच, ओढून आणू नका, रोज दहा-पंधरा मिनिटं पुढे सरकवून बघा. शिवाय दुपारची झोप कमी झाली की रात्री तेवढं लवकर निजवा. या वयात रात्र-दुपार मिळून अकरा ते चौदा तास लागतातच, तीन वर्षांपुढे दहा ते तेरा. मला एवढंच हवं होतं. दोघांचा ऑफ तास एकाच वेळी आणायचा, पावणेएकला. बाबूची सकाळची झोप पुढे ढकलत न्यायची आणि चिऊची थोडी अलीकडे ओढायची.

वसुबारसेपर्यंत बाबू सव्वाअकरापर्यंत आला होता. मग दिवाळी लागली. लक्ष्मीपूजनाला फटाके, पाडव्याला धुळ्याचे पाहुणे, भाऊबीजेला माझ्या तिन्ही बहिणी आणि त्यांची सात पोरं. हजेरीचं ते पान मी पुढे भरलंच नाही. गंमत म्हणजे त्याच गोंधळात बाबूने आपणहून सकाळची झोप सोडली आणि साडेबाराला आडवा व्हायला लागला. श्रेय माझं नाही.

माझ्या कागदाकडे माय आधीपासून तिरक्या नजरेने बघत होती. एकदा म्हणाली, "बापू, पोरेस्नी नींद म्हंजे काय शाळाना तास शे का, घंटी वाजनी का चालू?"

तिचा हिशेब वेगळा होता. अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी, आणि पात्रात पाळणे, खेळण्यांची दुकानं, रसवंत्या. वैशाख म्हणजे आमच्याकडे पारा चव्वेचाळीसला टेकलेला. लहानपणी माय आम्हा चौघा भावंडांना दुपारी दाराला आतून कडी लावून झोपवायची. झोप येवो न येवो, पडून राहायचं. ऊन उतरलं की तोंड धुऊन, खाऊ घालून मग यात्रेत. रथ निघतो तो संध्याकाळी, त्यामुळे आमचं काहीच चुकायचं नाही. तिचं म्हणणं एवढंच की जत्रा संध्याकाळची असते, तुम्ही सकाळी उठून तिथे कशाला धावता?

मी तिला समजावलं की तिथे आत जाण्याचे पैसे एकरकमी असतात, जितका वेळ तितकं वसूल. हे मी बोललो खरं, पण आज तिथेच माझी चूक दिसते. दोन वर्षांच्या पोराच्या बाबतीत "वसूल" हा शब्द काढला की दिवस नासलाच. बहुतेक मोठ्या राइड्सना उंचीची अट असते. मुलांचं तिकीटसुद्धा वयावर नाही, उंचीवर असतं. आम्ही दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा करून दोघांना मोजलं तेव्हा कळलं की आपल्या कामाच्या राइड्स हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांना अख्खा दिवस लागत नाही.

जायच्या आधी एक रंगीत तालीम केली. आमच्या गावच्या मंगळग्रह मंदिरात मंगळवारी लांबलांबून लोक येतात. गर्दी, माइक, प्रसादाची रांग, सगळं असतं. बाबूच्या झोपेच्या वेळी त्याला बाबागाडीत घालून तिथे नेलं. आवाजाचं त्याला काहीच नव्हतं, माइक चालू असताना झोपला. पण बाबागाडी थांबवली की सात-आठ मिनिटांत डोळे उघडायचा. चाक फिरतंय तोवर झोप. दुसरी गोष्ट बायकोने पकडली. उजेड लागू नये म्हणून मी बाबागाडीवर तिची ओढणी चारी बाजूंनी टाकली होती. तिने आत हात घालून पाहिला आणि ओढणी ओढूनच काढली. आत भट्टी झाली होती. कापड पातळ असलं तरी हवा कोंडते आणि बाहेर उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. तेव्हापासून फक्त वरची छत्री पुढे ओढायची, बाजू मोकळ्या.

जळगावहून रात्रीच्या गाडीने कल्याण, मधला एक दिवस पूर्ण आराम, आणि मंगळवारी पार्क. हा मधला दिवस बायकोचा हट्ट आणि तो शंभर टक्के बरोबर होता. रात्रीच्या प्रवासानंतर दोघंही इतकी चिडचिडी होती की त्या दिवशी पार्कातले उडते हत्ती काय, खरे हत्ती दाखवले असते तरी रडली असती. मायही आमच्यासोबत आली होती. तिने पिशवीत मऊ पडलेलं एक जुनेर घातलं, ज्याची घरी बाबूला झोळी बांधतो ते. मी म्हटलं, तिथे झोळी कुठे बांधणार? तिने उत्तर दिलं नाही.

बाबूच्या मऊ भाताचा डबा आणि केळी आत नेता येतील का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारून घेतलं. मोठ्यांच्या दशम्या गाडीतच ठेवल्या.

आता मुख्य फजिती. शिळफाट्याची कोंडी टाळायची म्हणून साडूभाऊंनी पावणेआठला गाडी काढली. माझ्या कागदावर साडेसातला दूध, साडेदहाला प्रवेश, पावणेएकला झोप असं सगळं होतं. प्रवासाच्या रकान्यात फक्त "कल्याण ते खोपोली" लिहिलं होतं. चालती गाडी म्हणजे बाबूसाठी मोठी झोळीच, हे मंगळग्रहाच्या तालमीनंतरही माझ्या डोक्यात आलं नाही. पनवेल सोडून गाडी द्रुतगती मार्गावर लागली आणि मागून माय म्हणाली, "निजना तो."

मी घाईघाईने त्याच्या पायाला गुदगुल्या केल्या, गाणी म्हटली, साडूभाऊंच्या थोरल्याने भोपूसारखे आवाज काढले. उपयोग शून्य. खोपोली–पाली रस्त्याला लागेपर्यंत तो पंचवीस मिनिटं झोपला आणि पार्किंगमध्ये जागा झाला. ज्यांना मुलं आहेत त्यांना हे पंचवीस मिनिटांचं गणित सांगायला नको. झोप पुरी होत नाही, पण झोपेची भूक मरते. जेवणाआधी पोराने बिस्किटांचा पुडा खावा तसं. पावणेएकचा तास गेला.

सकाळ मात्र छान गेली. गेट उघडताच मोठी माणसं मोठ्या राइड्सकडे पळतात, त्यामुळे छोट्यांच्या राइड्सना पहिल्या तासाभरात रांगच नव्हती. "टबी टेक्स ऑफ" म्हणजे उडते हत्ती, त्यात चिऊ तीनदा बसली. कॅरोसेलच्या घोड्यावर बाबू माझ्या हातात होता, आणि तो घोड्याकडे न बघता शेजारच्या बाईच्या टोपीकडे बघत होता. साडूभाऊंची मुलं आधीच "नायट्रो" या रोलर कोस्टरकडे गेली होती. त्यांचं आणि आमचं ठरलं होतं की सकाळी वेगळे, जेवायला एकत्र. मोठी मुलं बरोबर असतील तर हे आधीच बोलून घ्यावं. नाहीतर त्यांची तोंडं पाडायची आणि आपली पोरं ओढायची, दोन्ही होतं.

साडेबाराला जेवलो. पावणेएक झाला. बाबू टेबलाखाली रांगत होता. चिऊचे डोळे लाल, पण तिने जाहीर केलं की ती झोपणार नाही, कारण इथे कुणीच झोपत नाही. मुद्द्यात तथ्य होतं. मी तिला बाबागाडीत घालून फिरवायला लागलो. पंधरा मिनिटं फिरलो. ती बसूनच राहिली, दोन्ही हातांनी दांडा धरून, बसच्या कंडक्टरसारखी. मग रडली. मग मी चिडलो. माझा आवाज चढलेला ऐकून बाबूही रडला. बायको शांतपणे म्हणाली, "तुमचा कागद खिशात ठेवा आता."

तोवर मायने जागा शोधली होती. एका बंद दुकानाच्या मागच्या बाजूला, झाडाच्या सावलीत, लाउडस्पीकरपासून लांब असा कट्टा. तिने पिशवीतून जुनेर काढलं, चौघडी केली आणि अंथरलं. चिऊला म्हणाली, "नको निजू. नुसती पडी ऱ्हाय. पाय दुखतस ना?"

झोप म्हटलं की पोराला ते हरणं वाटतं, पडून राहा म्हटलं की वाटत नाही. चिऊ पडली. तोंड जुनेरात खुपसलं. घरच्या झोळीचा वास तिलाही ओळखीचा. बाबूच्या आधी ती त्याच कापडात वाढली आहे. दहा मिनिटांत घोरायला लागली. मायने थोपटणं बंद केलं नाही, तसाच हात ठेवून बसली.

बाबू मात्र दोन वाजून गेल्यावर पेंगुळला. त्याला बाबागाडीत घालून बायकोने सावलीसावलीने फेऱ्या मारल्या, आणि तो गाढ झाल्यावरही थांबली नाही. आपण थांबलो तर हा उठेल हे तिला पाठ होतं. तिच्या दहा-बारा फेऱ्या झाल्यावर मी दांडा घेतला आणि म्हटलं, तू जा, तुला हवी ती राइड घे. वर्षभरात तिला एकटीला असे दोन तास मिळाले नसतील. ती गेली नाही. चिऊच्या शेजारी कट्ट्यावर आडवी झाली आणि पाच मिनिटांत झोपली. इतक्या पैशांचं तिकीट काढून. मी फेऱ्या मारत राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना कौतुक वाटत होतं, एका आजोबांनी तर फोटो काढू का विचारलं. मी नको म्हटलं.

साडेतीनला चिऊ उठली. चारला बाबू. केळी खाल्ली, तोंडं धुतली. आणि मग जे दिसलं ते मी कागदावर कधीच मांडलं नसतं. चारनंतर आजूबाजूची बाकीची लहान पोरं कोलमडत होती. कुणी जमिनीवर लोळतंय, कुणी बापाच्या खांद्यावर हिसके देतंय, घरी जाण्यावरून आईबापांची भांडणं. आमची दोघं ताजीतवानी, जणू आत्ताच आली. ऊन उतरलेलं. पुन्हा हत्ती, पुन्हा घोडे. संध्याकाळच्या परेडला आम्ही पुढच्याच ओळीत होतो. रोषणाई, वाजंत्री, नाचणारी माणसं बघून चिऊ ओरडली, "रथ! आजी, रथ!" मायने माझ्याकडे वळून पाहिलं. बोलली काही नाही, बोलायची गरज नव्हती.

पुन्हा जायचं झालं तर मी दोन गोष्टी बदलेन. सकाळी धावायचं नाही. आदल्या रात्री खोपोलीजवळच कुठे मुक्काम करायचा, म्हणजे गाडीतल्या डुलकीचा प्रश्नच येत नाही. आणि ते जमलं नाही, तर निघायची वेळच झोपेच्या वेळेला जुळवायची. गाडीतच पुरी झोप होऊ द्यायची, पार्किंगमध्ये पोचल्यावर एसी लावून एकाने पोरांजवळ बसायचं, बाकीच्यांनी पुढे जायचं. अर्धवट झोप मात्र नको. ती नसलेली परवडली.

परतताना चिऊ पनवेलच्या आधीच झोपली, ती उचलून थेट गादीवर. बाबूचं तसं नव्हतं. तो दुपारी उशिरा, चारपर्यंत झोपला होता, त्यात परतीच्या गाडीतला अर्धा तास. रात्री साडेअकराला तो साडूभाऊंच्या हॉलमध्ये टाळ्या वाजवत गोल गोल फिरत होता. घरातले सगळे निजलेले. मी त्याला कडेवर घेऊन गॅलरीत आलो. खालून लोकल गेली, मग एक मालगाडी, लांबच लांब. बाबू डबे बघत बसला. खिशातला कागद काढून मी मोबाइलच्या उजेडात पाहिला. रात्री आठच्या पुढे मी रकानाच आखला नव्हता.