मान लुळी पडी गयी

पोळा होऊन चार दिवस झाले होते. मी बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तेव्हा ॲडल्ट हेल्थ नर्सिंगसाठी आमची पोस्टिंग एका सरकारी रुग्णालयाच्या मेल मेडिकल वॉर्डात होती. आमच्या खान्देशात हे दिवस कपाशीच्या फवारणीचे, त्यामुळे वॉर्डात पॉयझनिंगचे पेशंट ठरलेलेच. कुणाला फवारताना बाधतं, कुणी घेतलेलं असतं. नातेवाईक नेहमी ‘फवारणी’च सांगतात. मी खोदून विचारत नाही. पोलिसांना कळवणं वगैरे डॉक्टरांचं काम आहे. व्हरांड्यात उभं राहून ‘दारूत घेतलं असेल’ असं कुजबुजणाऱ्यांचा मात्र मला फार संताप येतो. त्यांनी रस्त्यात पेशंटला मिठाचं पाणी पाजून उलटी करायला लावलेली असते. ते पाणी श्वासनळीत गेलं की आमच्यापुढे दोन आजार होतात. त्यापेक्षा फवारणीच्या औषधाची बाटली सोबत आणा आणि अंगावरचे कपडे लगेच काढा.

आमचा पेशंट चाळिशीचा, तापीकाठच्या एका गावचा. पहिली रात्र आयसीयूत गेली. ॲट्रोपिनची, म्हणजे या विषावर द्यायच्या इंजेक्शनची, ती रात्र मी आधी एका दुसऱ्या पेशंटजवळ पाहिलेली आहे. बाहुल्या मोहरीएवढ्या, तोंडातून फेस, छातीत घरघर, घामाने चादर ओली. ॲट्रोपिन दर पाच मिनिटांनी दुप्पट करत जायचं, छाती कोरडी होईपर्यंत. आमच्याकडचं अँप्युल 0.6 मिलिग्रॅमचं, म्हणजे एका डोसाला मूठभर अँप्युल फोडावी लागतात. गॉजमध्ये धरून फोडलं तरी अंगठा कापतोच. नाइटच्या सिस्टरांची बोटं सकाळी पाहावीत. ज्यांना वाटतं नर्स म्हणजे इंजेक्शन टोचणारी बाई, त्यांनी ती बोटं जरूर पाहावीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो सुधारला म्हणून आयसीयूतला बेड रिकामा करून त्याला वॉर्डात आणलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला मी ड्यूटीवर आले तेव्हा तो जागा होता, छाती कोरडी, बाहुल्या ठीक, नाडी 104. केअर प्लॅनसाठी आमच्या शिकवणाऱ्या मॅडमनी मला तोच पेशंट दिला.

साडेआठच्या सुमाराला त्याची बायको बशीतून त्याला चहा पाजत होती. एक हात त्याच्या डोक्याखाली होता. चहा ओठाच्या कोपऱ्यातून उशीवर ओघळत होता. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “सिस्टर, यासनी मान लुळी पडी गयी वं माय.”

मी म्हटलं, “अशक्तपणा आहे काकू. दोन दिवस पोटात काही नाही ना. येईल ताकद.”

ती गप्प बसली. मी फाइल उघडली.

केअर प्लॅन ज्यांनी लिहिलेला नाही त्यांना सांगायला हवं, त्यात पहिला रकाना असतो सब्जेक्टिव्ह डेटाचा. पेशंट किंवा नातेवाईक जे सांगतात ते त्यांच्याच शब्दांत तिथे उतरवायचं. मी इंग्रजीत लिहिलं : पत्नी सांगते की पेशंटला अशक्तपणा आहे. नर्सिंग डायग्नोसिस : अशक्तपणामुळे हालचाल सहन न होणे. वेळ 8.45. अक्षर सुंदर आलं होतं. मग बाकीचे बेड, स्पंजिंग, औषधांची ट्रॉली. चाळीस पेशंटना एक स्टाफ सिस्टर आणि आम्ही पाच विद्यार्थिनी. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स असं आहे. आम्ही ते परीक्षेत लिहितो आणि गुण घेतो.

अकरा वीसला चहाने ओला झालेला उशीचा अभ्रा बदलायला गेले. “दादा, डोकं जरा उचला.” त्याने माझ्याकडे पाहिलं. डोकं हललंच नाही. त्याच्या गळ्यावरच्या दोन्ही शिरा ताठ झाल्या होत्या, म्हणजे तो जोर लावत होता. हनुवटी एक बोटभरही वर आली नाही. डोळे माझ्यावर खिळलेले. एवढं स्पष्ट कळत असणारे आणि काहीच करू न शकणारे डोळे मी याआधी पाहिले नव्हते.

मी श्वास मोजले. आमच्या चार्टवर सगळ्यांचे श्वास 20 लिहिलेले असतात, याच्यापुढेही 20 होते. कुणी मोजत नाही, कारण त्याला पूर्ण मिनिट लागतं. मोजताना मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवायचं असतं, नाहीतर पेशंट श्वास बदलतो. आमच्या मॅडमनी पहिल्या वर्षी हे इतकं घोटून घेतलं की आता हात आपोआप मनगटाकडे जातो. चौतीस आले. उथळ. श्वास आत घेताना पोट वर यायला हवं, त्याचं आत जात होतं. बोटावरचं यंत्र ऑक्सिजन 93 दाखवत होतं, एवढ्यावरून कुणी फारसं घाबरलं नसतं. म्हटलं, “दादा, एका श्वासात आकडे म्हणा.” तो पाचवर थांबला. आवाज नाकातून येत होता.

मी पळत सिस्टरांकडे गेले. त्या आधी म्हणाल्या, “अगं, ॲट्रोपिनवरचा पेशंट असाच दिसतो.” पण बेडजवळ आल्या, एकदा पाहिलं आणि अम्बू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, आणायला स्वतः धावल्या. रेसिडेंट डॉक्टर आले, वॉर्डातच श्वासनळीत नळी टाकली. आयसीयूत बेड मिळेपर्यंत अम्बू मी दाबत होते. पाच सेकंदांत एकदा, छाती उचलेल एवढीच. चाळीस मिनिटांनी माझी बोटं वाकेनात. माझ्या सगळ्या मैत्रिणींनी आळीपाळीने हात लावला आणि एकीनेही लय चुकवली नाही, हे मला इथे लिहायचंच आहे.

संध्याकाळी मॅडमनी समजावलं. याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी 1987 साली हे नाव दिलं. ऑरगॅनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाच्या विषानंतर साधारण 24 ते 96 तासांत, म्हणजे पेशंट सुधारला असं वाटत असतानाच, स्नायू गळून जातात. ॲट्रोपिन लाळ, घाम, छातीतला स्राव सुकवतं, पण स्नायूंवर त्याचा उपयोग नसतो. म्हणून बाहुल्या आणि छाती ठीक दिसत राहतात. बहुतेक वेळा आधी मान जाते, डोकं उशीवरून उचलता येत नाही. श्वास त्यानंतर.

आधी मान. मॅडम पुढे खांदे आणि मांड्यांबद्दल बोलत होत्या, मला ऐकू येत नव्हतं.

साडेआठ ते अकरा वीस. जवळपास तीन तास. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं असतं तरी नळी टाकावीच लागली असती कदाचित, पण घाईघाईत नाही. मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या वर्षाच्या मुलीने हे पकडलं हेच खूप. दोघंही माझ्या भल्याचं बोलत होते. पण मी अडलेय ते एका शब्दावर. आमच्या घरी अहिराणीच बोलतात. आजीला अर्धांगवायू झाला तेव्हा तिचा हात लुळा पडला असंच आम्ही म्हणायचो, तिला अशक्तपणा आलाय असं कुणी म्हणालं नव्हतं. लुळं म्हणजे काय हे मला त्या वॉर्डातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं. ॲप्रन घातला की मी घरची भाषा मराठी करून ऐकते आणि इंग्रजी करून लिहिते. त्या बाईने लक्षण सांगितलं होतं आणि मी ते खोडून तिथे माझा शब्द लिहिला.

नऊ दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. वाचला. पोस्टिंग संपताना भेटायला गेले तर तिने माझे दोन्ही हात धरले, म्हणाली, तू पाहिलंस म्हणून. मी सांगितलं, “काकू, आधी तुम्हीच सांगितलं होतं, चहा पाजताना. मीच ऐकलं नाही.” तिला ते आठवतच नव्हतं. तिने त्याच्याकडे बोट दाखवलं. त्याने उशीवरून डोकं उचललं आणि धरून ठेवलं.

नर्सिंगच्या नोंदीत चूक झाली तर व्हाइटनर लावायचा नाही, गिरवायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी तारीख, वेळ, सही. मॅडमना विचारून मी फाइलमधल्या त्या ओळीवर रेघ मारली. वर देवनागरीत लिहिलं : यासनी मान लुळी पडी गयी. खाली सही केली. मॅडमनी वाचलं, शेजारी त्यांचीही सही केली.