कौलांखाली लाकूड कोणते घ्यावे?

गावी घर बांधायला निघालेले अनेक जण मला विचारतात, की छपरावर कौलांऐवजी लाकडाच्याच पातळ फळ्या, म्हणजे शिंगल, घातल्या तर चालतील का, आणि चालणार असतील तर देवदार घ्यावा, परदेशी सीडर घ्यावा की आपला सागच बरा? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

लाकडी छप्पर ही मुळीच खुळी कल्पना नव्हे. मनालीच्या हिडिंबा मंदिराची (बांधकाम १५५३ सालचे) खालची तीन छपरे लाकडी फळ्यांनीच शाकारलेली आहेत. मात्र लाकूड भिजल्याने फारसे बिघडत नाही, ते ओलेच राहिले की कुजते; आणि रत्नागिरीकडे, जिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो, तिथे उबदार दमट हवेत एकावर एक बसवलेल्या फळ्यांना सुकायला उसंतच मिळत नाही. आधी शेवाळ धरते, मग बुरशी. शिवाय सीडरच्या अंगचे टॅनिन, म्हणजे लाकडातले तुरट द्रव्य, लोखंडी खिळे खाते, त्यात आपली खारी हवा. म्हणजे प्रत्येक खिळा स्टेनलेस स्टीलचा हवा. हौस असेल तर अंगणातल्या झोपाळ्यावर करून पाहावी, राहत्या घरावर मी तरी करणार नाही.

तेव्हा पाऊस कौलांनी झेलावा आणि लाकडाने त्यांच्याखाली राहावे. आढ्याला आणि वाशांना जून सागाचा गाभा सर्वांत निर्धास्त. पण साग म्हणून बाहेरचे पांढरे लाकूड गळ्यात मारले जाते, त्याला कीड लागायला वेळ लागत नाही. किंजळ आणि ऐन ही आपल्याकडची जंगली झाडेही भक्कम असतात, मात्र वाळताना ऐन तडकतो. फणसाचे पिवळे लाकूड मला दारे-खिडक्यांसाठी अधिक आवडते. माडाचे खोड बाहेरून कठीण व आतून भुसभुशीत, म्हणून जुन्या माडाचा बाहेरचा भागच घ्यावा. पोफळीच्या रिपा (वाशांवरच्या, कौले टेकतात त्या आडव्या पट्ट्या) स्वस्त आणि सरळ, पण त्या अधूनमधून बदलाव्या लागणार हे गृहीत धरावे. आंबा छपराला नकोच.

जातीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व मी वाळण्याला देतो, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. पाऊस तोंडावर आला म्हणून पडवीला ओल्या किंजळाचे वासे घातले. वर्षभरात ते पिळवटले, कौलांच्या ओळी फाकल्या आणि दुसऱ्या पावसाळ्यात पडवीत घमेली मांडावी लागली. सुताराने आधी बजावले होते, हेही सांगायला हवे.

वासा भिंतीवर टेकतो ती जागा आणि वळचणीकडचे टोक सर्वांत आधी कुजते; तिथे काजूच्या टरफलांचे तेल दोन-तीनदा पाजावे आणि वाशाभोवती हवा खेळेल इतकी फट ठेवावी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर मी वासे नुसत्या खिळ्यांवर न सोडता लोखंडी पट्टी व बोल्टने आवळायला सांगतो. आवारातला साग, फणस, ऐन किंवा किंजळ तोडायचा असेल, तर आधी परवानगी घ्यावी. ही सारी झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत.

माझ्या पडवीवर आता एका पाडलेल्या घराचे सागवानी वासे आहेत. जुन्या खाचा मी बुजवलेल्या नाहीत. रिपा तेवढ्या नव्या आहेत.