कौलाच्या पाठीवरचं साल

आठवीची परीक्षा झाली होती. पावसाआधी शाळेची कौलं परतायचं काम निघालं आणि आम्ही चार-पाच मुलं खाली रांगेत उभं राहून हातोहात कौलं उतरवून घेत होतो. एक कौल माझ्या हातात उलटं आलं. त्याच्या पाठीवर इंग्रजीत ठसठशीत अक्षरं होती : बासेल मिशन टाइल वर्क्स, 1865. मी ओरडलोच, "सर, आपली शाळा 1865 सालची आहे!"

इतिहासाचे सर शिडीपाशीच होते. त्यांनी कौल हातात घेऊन धोतराच्या सोग्याने पुसलं. म्हणाले, "आकडा कशाचा आहे ते आधी विचारावं रे. त्या साली मंगळूरला हा कारखाना निघाला. हे कारखान्याचं साल, कौलाचं नव्हे." पुढची चाळीस वर्षं मी फोटो काढतोय ते या एका वाक्याच्या आधारावर.

काकांकडे आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये 12 फोटो. लग्नामुंजीसाठी राखून ठेवलेल्या त्या बारांतला एक मी कौलावर घालवला. त्या कॅमेऱ्याला इतक्या जवळचं टिपता येत नसे, फोटो धूसर आला. तो अजून माझ्याकडे आहे.

नोकरीत स्थिरावल्यावर बरा कॅमेरा घेतला आणि दर मे महिन्यात शाळेत येऊ लागलो. उठावाची अक्षरं भर दुपारी सपाट दिसतात. सकाळी नाहीतर सांजवेळी तिरपं ऊन पडलं की झिजलेलं अक्षरसुद्धा सावली टाकतं. मापासाठी शेजारी एक नाणं ठेवायचं, आणि फोटोमागे तारीख व जागा लिहायची. या दोन गोष्टी चुकवू नयेत. त्यांच्यावाचून फोटो नुसता सुंदर होतो, उपयोगाचा राहत नाही.

कौलाचं कोडं पुढे सुटलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने बासेल मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे मिशनच्या नावाचं कौल त्याआधीचं. आपली शाळा तर आत्ता शंभर वर्षांची होते आहे. तेव्हा ही कौलं आपल्या छपरावर येण्याआधी दुसऱ्या कुठल्या तरी छपरावर पावसाळे काढून आलेली असणार. माझा कयास बंदरावरच्या एखाद्या मोडलेल्या वखारीचा आहे.

घंटेचे फोटो मी सर्वांत जास्त काढले. घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा. मुंबई ते मडगाव कोकण रेल्वे 1998 साली सलग सुरू झाली. आपल्या कितीतरी पिढ्यांनी आगगाडी पाहण्याआधी रूळ ऐकला! रुळाच्या कडेला उठावाची अक्षरं असतात, कारखान्याचं नाव आणि साल. आपल्या तुकड्यावर 'एक' आणि 'नऊ' एवढंच वाचता येतं, पुढचं गंजाने खाल्लं आहे. मधोमध जिथे टोले पडत आले तिथे मात्र लोखंड चकचकीत आहे आणि बोट टेकेल एवढा खळगा पडला आहे. शिपाईकाकांचा हात इतकी वर्षं त्याच एका जागी पडत राहिला. त्यांचा स्वतःचा एकही फोटो मला कुठे मिळाला नाही.

तसाच पायरीचा. जांभ्याच्या पायऱ्या मधोमध झिजाव्यात, पण आपली तिसरी पायरी डावीकडे झिजली आहे. पाण्याची टाकी डावीकडे होती ना!

यंदा कौलं उतरून पत्रा चढतो आहे. गळती पाहता ते करायलाच हवं होतं, तरी कौलं खाली येताना बघवलं नाही. त्या ठशाची काही कौलं मी मागून घेतली आणि पुसून ग्रंथालयात ठेवली आहेत. शेजारीच फोटोंचा संग्रह आहे. त्यात दौतीच्या भोकाचा जुना बाक आहे, त्यावर कर्कटकाने कोरलेलं 'सु. प.' आहे. त्या फोटोमागची जागा कोरी आहे. ही अक्षरं कोणाची हे ज्यांना ठाऊक असेल त्यांनी शाळेच्या शताब्दी महोत्सवाला आल्यावर ग्रंथालयात डोकावून तिथे पेन्सिलीने लिहून ठेवावं.